कोर्टातला कोंबडा आणि अण्णांचा अबोला

वाचकाचं पत्र, ओळख पुसून आणि थोडक्यात:

वय ३१. एका तालुका न्यायालयात ६ वर्षांपासून वकिली करते, बहुतेक कामं फौजदारी. वडील, म्हणजे अण्णा, त्याच कोर्टात ३५ वर्षं वकील आहेत. मला शाळेपासून व्हिडिओ गेमचं वेड. गेली २ वर्षं रात्री जागून मी मराठीत एक विनोदी कोर्ट-गेम लिहिते आहे. खेळणारा नवशिका वकील असतो आणि त्याने साक्षीदारांच्या बोलण्यातली विसंगती पकडायची असते. प्रोग्रॅमिंग माझी मैत्रीण करते, ती पुण्यात नोकरीला आहे. आराखडा १२ खटल्यांचा आहे, पूर्ण मात्र एकही झालेला नाही. मागच्या महिन्यात अण्णांना पहिला प्रसंग वाचून दाखवला. चोरीला गेलेला कोंबडा मुद्देमाल म्हणून कोर्टात हजर केला आहे आणि सरकारी वकील बोलायला उभे राहिले की तो आरवतो. अण्णा हसले नाहीत. ‘ज्या कोर्टाने आपल्याला भाकरी दिली त्याची टिंगल करायची?’ एवढं म्हणून उठून गेले. तेव्हापासून या विषयावर एक शब्द नाही. वर्षभर वकिली थांबवून हे पूर्ण करू का? कोर्टाचा अवमान होईल का? बार रूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, उद्या कुठल्या तोंडाने बसू? सोबत तो प्रसंग, त्यापुढचा मसुदा आणि गेमचा छोटा नमुना जोडला आहे.

– पुकारा होऊनही बाहेर उभी

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि कोंबड्याचा प्रसंग तीनदा. प्रश्न तीन विचारलेत, पण ४ पानांच्या पत्रातली अडीच पानं अण्णांवर आहेत. म्हणून सुरुवात तिथूनच करते. पैसे आणि कायदा नंतर बघू.

अण्णांनी ‘टिंगल’ हा शब्द वापरला आणि तुम्ही तो जसाच्या तसा घेतलात. सगळं पत्र त्या शब्दाचा बचाव करण्यात गेलंय. एक विचारते, अण्णा नेमके कुठल्या वाक्यापाशी थांबले ते आठवतंय का? मी कुठे थांबले ते सांगते. कोंबडा आरवतो तिथे मी मोठ्याने हसले. सरकारी वकील तीनदा उठतात, तीनदा बसतात, चौथ्यांदा बसल्या बसल्याच बोलायला लागतात, हे फार छान उतरलंय. पण पुढे कोंबड्याची मालकीण येते. म्हातारी, चौथ्या तारखेला आलेली. कारकून तिला ‘सुपूर्तनामा’ (जप्त माल ताब्यात घेतानाचा कागद) म्हणतो, तिला ‘सुपारी’ ऐकू येतं, आणि ती कनवटीची सुपारी काढून त्याच्यापुढे धरते. अख्खं कोर्ट हसतं. तिथे माझं हसू गेलं.

अण्णांचंही तिथेच गेलं असावं, असा माझा कयास आहे. ३५ वर्षं ज्यांची वकीलपत्रं त्यांनी घेतली त्यातली निम्मी माणसं अशीच असणार. पहाटेची एसटी धरून आलेली, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेले, आपल्या नावाचा पुकारा चुकू नये म्हणून चहालाही न गेलेली. अण्णांना कोर्टाची नाही, त्या बाईची टिंगल झाल्यासारखं वाटलं असेल. राग आला की माणूस जवळचा शब्द उचलतो, त्यांच्या जवळचा शब्द ‘कोर्ट’ होता. माझा कयास चुकीचाही असेल. पण त्यांना एकदा विचारायला हवं, आणि विचारण्याआधी तो प्रसंग बदलून बघायला हवा.

बदल मोठा नाही. कोंबडा आरवतोय. पट्टेवाला त्याला दटावतो, हवालदार टोपली हलवतो, सरकारी वकील पाण्याचा पेला पुढे करतात, काही उपयोग होत नाही. शेवटी म्हातारी पुढे येते, पदर टोपलीवर टाकते, दोन शब्द पुटपुटते, आणि पक्षी गप्प. आता कोर्टही हसेल, आम्हीही हसू, पण तिच्या बाजूने हसू. शिवाय तुम्हाला कोडंही मिळालं. कोंबडा आपलाच असल्याचं आरोपी सांगतोय आणि त्याच्या हाकेला पक्षी मान वळवत नाही. मुद्देमाल परत मिळण्याच्या अर्जावर ती बाई आणि तिचा नवशिका वकील इथून पुढे जाऊ शकतात. विनोद आणि पुरावा एकाच जागेतून निघाला, तर असा गेम आपोआप धावतो.

अण्णांचा दुसरा मुद्दा, की भाकरी देणाऱ्या जागेवर हसू नये. त्यांना एकनाथांची आठवण करून द्या. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे राहून कचेरीचं काम जवळून पाहिलेल्या नाथांनी अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र अशा सरकारी कागदांच्याच घाटात भारुडं लिहिली. कारभाराची भाषा त्यांना इतकी सरावाची होती की तिच्यातून ते सरळ देवापर्यंत गेले. तमाशातल्या सोंगाड्याला राजापुढे वाकडं बोलायची मुभा आपल्या लोकांनी दिली, ती तो राजाच्या दरबारातच उभा असतो म्हणून. तुम्हीही आत उभ्या आहात. त्यामुळे बाहेरच्याला जे दिसणार नाही ते तुम्हाला दिसतं.

आता गेमबद्दल. ज्या जपानी मालिकेवरून तुम्हाला हे सुचलं, ती ‘एस अॅटर्नी’, तिच्याबद्दल पत्रात फार प्रेमाने लिहिलंय. मलाही ती आवडते. पण तुम्ही तिची आरोळी उचलताय, पाया नाही, असं मला वाटतं. तुमचा नायक टेबलावर हात आपटून ‘हरकत!’ ओरडतो, न्यायाधीश लाकडी हातोडा ठोकतात. तुमच्या कोर्टात हातोडा आहे का? साक्षीदार गीतेवर हात ठेवतो का? नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी हिंदी सिनेमातलं कोर्ट तुमच्या हातून उतरलं.

तो पहिला जपानी खेळ २००१ मध्ये कॅपकॉम कंपनीने गेम बॉय अॅडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी काढला. शू ताकुमी यांनी तो ७ जणांच्या टीमला घेऊन साधारण १० महिन्यांत उभा केला. खटले होते फक्त ४, आणि पहिला तर चहा संपेपर्यंत आटोपतो. आणि त्यातला विनोद येतो कुठून? जपानमध्ये खटला उभा राहिलेल्यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक जण दोषी ठरतात. त्यात खेळातला कायदा सांगतो, ३ दिवसांत निकाल. अशा भिंतीवर डोकं आपटणारा बचाव पक्षाचा वकील आधी केविलवाणा होतो, मग हास्यास्पद होतो, मग जिंकतो. त्यांच्या व्यवस्थेची जी दुखरी नस, तिथेच त्यांचा विनोद आहे.

आपली दुखरी नस कुठली, हे तालुक्याच्या कोर्टातल्या चहावाल्याला विचारलं तरी तो सांगेल. तारीख. देशभरात ५ कोटींहून अधिक प्रकरणं पडून आहेत. मग तुमच्या गेममध्ये चुकीची हरकत घेतली की खेळणाऱ्याचा एक जीव कमी होतो, हे कशाला? चूक झाली की पुढची तारीख पडू दे. आणि तिची किंमत खेळणाऱ्याने मोजायची नाही, म्हातारीने मोजायची. पडद्याच्या कोपऱ्यात तिच्या बटव्यातले पैसे दिसू देत. एसटीचं भाडं गेलं, एक दिवसाची मजुरी बुडाली. खेळणाऱ्याला पुरावा गोळा करायला वेळ हवा असेल तर त्याने खुशाल मुदत मागावी, अर्ज मंजूर होईल, पण बटवा हलका होईल. असा नियम मी कुठल्याच गेममध्ये पाहिलेला नाही, आणि तो तुमच्या कोर्टातून आलेला असेल. हे वाचताना अण्णा उठून जाणार नाहीत.

उलटतपासणीचंही तेच. तुमच्या दुसऱ्या मसुद्यात साक्षीदाराचा खोटेपणा एका आरोळीत उघडा पडतो. खऱ्या कोर्टातली पद्धत याहून मजेची आहे आणि ती तुम्ही रोज वापरता. साक्षीदाराने पोलिसांपुढे एक सांगितलेलं असतं, कोर्टात दुसरं. ते आधी त्याच्यापुढे ठेवायचं. तो म्हणणार, ‘पोलिसांनी माझ्या जबाबात तसे का लिहिले याचे कारण मला सांगता येणार नाही.’ जबाबातल्या तेवढ्या मजकुराला खूण करायची, म्हणजे पोर्शन मार्क ‘अ’ द्यायचा, आणि गप्प बसायचं. पुढे कधीतरी तपासी अंमलदार पिंजऱ्यात येतात, तेव्हा त्यांच्याकडून तो मजकूर शाबीत करून घ्यायचा, विसरलात तर सगळं फुकट. गेम लिहिणाऱ्यासाठी ही सोन्याची खाण आहे: आज पेरलेलं तिसऱ्या साक्षीदाराला उगवतं. खेळणाऱ्याने पोर्शन ‘अ’ लक्षात ठेवला की नाही, हीच खरी परीक्षा. आणि ते शेवटचं ठरलेलं वाक्य, ‘हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे’! आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक उलटतपासणी या वाक्याच्या आसपास संपते. तुमचे साक्षीदार ते एकेक आपल्या तऱ्हेने म्हणू देत. एक छाती पुढे काढून, एक घड्याळाकडे बघत, आणि एक जण जो ‘नाही’ नेमका कुठे आहे यात गोंधळून चुकून खरं बोलून जातो. हा शेवटचा मला आत्ताच दिसायला लागलाय.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं कलम ४२० चं ३१८ झालं. ‘चारसोबीस’ म्हणत आयुष्य काढलेला एक जुना कारकून या नव्या आकड्याशी झगडताना दाखवता येईल. भाषेचीही गंमत आहे: १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली, उच्च न्यायालयात इंग्रजी. अपिलात गेलेला कोंबडा इंग्रजीत कसा आरवेल, एवढंच सुचवते. बाकी तुमचं काम.

अवमानाची भीती अगदी पोकळ नाही. १९७१ च्या कायद्यात न्यायालयाची अप्रतिष्ठा करणाऱ्या प्रकाशनाचा समावेश आहे, आणि २०१७ मध्ये एका हिंदी विनोदी कोर्ट-चित्रपटातली ४ दृश्यं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे प्रकरण गेल्यावर कापावी लागली होती. म्हणजे हसण्यावर हरकत घेणारे असतात, हे धरूनच चाला. पण न्यायाधीश विकला जातो असं दाखवणं आणि न्यायाधीशांच्या टेबलावरचा पंखा कागद उडवतो असं दाखवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तुमच्या मसुद्यात मला पहिल्या जातीचं काहीच दिसलं नाही. तालुका काल्पनिक ठेवा. सध्याच्या साहेबांची एकही लकब नको, ती कितीही गोड असली तरी.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. पत्रात लिहिलंय की १२ पैकी ५ खटले ‘आमच्याच ऑफिसातले, नावं बदलून’. हे करू नका. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं वकिली सोडल्यावरही गुप्तच राहतं, नव्या साक्ष अधिनियमाचं कलम १३२ तुम्हाला पाठ असेल. पण कलम बाजूला ठेवा. तालुक्याच्या गावात नाव बदलून काही लपत नाही. ज्या माणसाने तुमच्यासमोर बसून डोळे पुसले, त्याने उद्या भाच्याच्या मोबाइलवर स्वतःला ओळखलं तर? कोर्टातली हवा घ्या, बोलायच्या ढबी घ्या, बाकड्यांवरची झोप घ्या. घटना रचलेल्या असू देत. कोंबडा तुमच्या कल्पनेतला आहे, म्हणून तर तो इतका जिवंत झालाय.

यासारखी पत्रं मला वकील नसलेल्यांकडूनही येतात. कोर्टाची गोष्ट लिहायची आहे, पण सिनेमापलीकडे काही पाहिलेलं नाही, असं ते म्हणतात. त्यांनाही इथेच सांगते. आपली न्यायालयं खुली असतात, मोजके अपवाद सोडले तर मागच्या बाकावर कुणालाही बसता येतं. मोबाइल बंद करून, वही न उघडता, सलग ३ दिवस जाऊन बसा. पहिल्या दिवशी कंटाळा येईल. दुसऱ्या दिवशी चेहरे ओळखीचे होतील. तिसऱ्या दिवशी पुकाऱ्याच्या आवाजावरून कळायला लागेल की आता येणारं प्रकरण जुनं आहे.

वकिली थांबवण्याचं मला पटलेलं नाही. तुमच्या हिशोबात शिल्लक ८ महिन्यांची आहे आणि स्वप्न १२ खटल्यांचं. २ वर्षांत एकही पूर्ण झाला नाही याचं कारण वेळ कमी पडला असं तुम्ही धरून चाललाय. मला वाटतं, १२ असल्यामुळे एकही झाला नाही. अडलं की दुसरा खटला उघडायची सोय होती. ११ फाइली बांधून कपाटात टाका. फक्त कोंबडा, ४० मिनिटांत संपणारा. उन्हाळी सुटीत कोर्टाचं नेहमीचं काम थांबलेलं असतं, तेवढ्यात शेवटपर्यंत लिहून काढा, दिवाळीच्या सुटीपर्यंत मैत्रीण तो खेळता येईल असा करेल. लोकांनी खेळून पुढचा मागितला, तर वर्षभर थांबण्याचा विचार तेव्हा करू, तोही थोडे पैसे हाती आल्यावर. पुण्याच्या नोडिंग हेड्स या गेम कंपनीने ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये आणला, त्याआधी २०१७ ची त्यांची लोकवर्गणीची मोहीम फसली होती. मुरलेल्या टीमलाही वेळ लागतो. तुम्ही तर भर कोर्टाच्या वेळा सांभाळून करताय.

वकिलीच्या सनदीचा एक मुद्दा आहे. बार कौन्सिलचे नियम वकिलाला स्वतः धंदा चालवू देत नाहीत, सक्रिय नसलेला भागीदार होता येतं आणि त्यातही राज्य कौन्सिलला तो धंदा व्यवसायाच्या प्रतिष्ठेला धरून वाटला पाहिजे. तेव्हा गेम विकायचा झाला तर विक्रीचं खातं, कंपनी, व्यवहार मैत्रिणीच्या नावावर, तुम्ही लेखिका, आणि बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाला आधी लेखी विचारणा. जाहिरातीत ‘अॅडव्होकेट’ लावू नका, अशिलं गोळा करायला केलं असं कुणी म्हणायला नको. आणि मैत्रिणीशी करार? पत्रात त्याचा उल्लेखही नाही. दुसऱ्यांचे करार तपासणारी बाई स्वतःच्या २ वर्षांच्या कामाचा एक कागद करत नाही! लेखन कुणाचं, कोड कुणाचा, एकीने मधेच सोडलं तर काय, पैसे आले तर वाटणी कशी, हे लिहून दोघींच्या सह्या घ्या. कॉपीराइटचं हस्तांतरण लेखी नसेल तर कायद्यापुढे ते टिकत नाही. मैत्री टिकवायला कागद लागतो, हे तुम्ही अशिलांना किती वेळा सांगितलं असेल.

चित्रांच्या खर्चाने तुम्ही घाबरलात. चित्रं कमी करा. २०१५ च्या ‘एव्हिअरी अॅटर्नी’ या खेळात पॅरिसच्या कोर्टात ससाणा वकील आहे, आणि त्या छोट्या ब्रिटिश टीमने १८४७ मध्ये वारलेल्या ग्रँडव्हिल या चित्रकाराची पशुपक्ष्यांची जुनी चित्रंच वापरली, हक्क केव्हाच संपलेले होते. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. पण मला वाटतं तुमचा मार्ग सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला आहे. तिथल्या ठाकर कलावंतांची चित्रकथी काय आहे? एक चित्र धरायचं, त्याची कथा सांगायची, मग पुढचं चित्र. तुमचा गेम हेच करतोय, फक्त पडद्यावर. त्यांची चित्रं उचलू नका. जाऊन भेटा, रीतसर मोबदला देऊन ८-१० चित्रं काढून घ्या, नाव ठळक द्या. एका खटल्याला तेवढी पुरतात.

एक बारीक गोष्ट, पण तुमचा नमुना खेळताना तिने मला फार छळलं. संवाद पडद्यावर एकेक अक्षर टाइप झाल्यासारखे येतात. रोमन लिपीत ते छान दिसतं, देवनागरीत शब्द थरथरतो. ‘फिर्याद’ येताना आधी ‘फिर’ दिसतं, मग पाय मोडलेला र, आणि पुढच्या क्षणी तो उडी मारून य च्या डोक्यावर बसतो. मैत्रिणीला सांगा, एकेक सुटं चिन्ह नको, अख्खं जोडाक्षर एकदम उमटू दे, किंवा सरळ शब्दागणिक. गेम बनवायच्या गोडो ४ या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं नीट जुळतात, आणि ‘मुक्त’सारखा फुकट मिळणारा टंक (फाँट) बारीक आकारातही स्वच्छ वाचता येतो. आधी अण्णांच्या वयाच्या माणसाच्या फोनवर, चष्म्यासकट, वाचून बघा.

आणि खरंच त्यांच्याच फोनवर बघा. बार रूमला काय वाटेल ते नंतर. कोंबड्याचा खटला पूर्ण झाला, म्हातारीने पदर टाकला, बटव्याचा हिशोब जुळला, की एखाद्या रविवारी दुपारी जेवणानंतर फोन त्यांच्या हातात द्या. समजावून सांगू नका, शेजारी बसून चुकाही दाखवू नका. कागद-पेन्सिल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसा आणि ते कुठे थांबतात तेवढं टिपा. ते बोलले तर बहुतेक हसून बोलणार नाहीत. रोजनाम्यातली, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीतली, एखादी चूक काढतील, ‘त्या स्टेजला असा अर्ज होत नाही’ म्हणतील. ती चूक त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्या.